काम नाकारण्याचं कारण

ऑल्डरबी,
३ ऑक्टोबर १९७६

प्रिय एडना,

वॉल्टरची बोट भंगारात काढली, हे मला सिरिलने पेपर वाचताना सांगितलं. सख्ख्या भावाची बातमी मला पेपरातून कळते, म्हणजे कमाल आहे तुम्हा दोघांची. चार ओळी लिहायला हात झडतात का? मालक लोकांनी काही देऊ केलं का त्याला, की इतकी वर्षं राबवून घेऊन नुसतं जा म्हणाले?

तुम्ही नाही म्हणाल हे मला ठाऊक आहे, तरी विचारते. थोडे दिवस इकडे या. माडीवरची खोली रिकामी आहे. वॉल्टरला इथली हवा सोसत नाही, गवताचा वास आला की त्याला शिंका येतात, सगळं मान्य. पण त्या घरात दोघांनीच एकमेकांची तोंडं बघत बसून काय मिळणार आहे? एप्रिलमध्ये टेरीसाठी आणि त्याच्या बोटीवरच्या सगळ्या पोरांसाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली, तेव्हा वॉल्टर आला नाही आणि तू दारातूनच परत फिरलीस. तेव्हा मी काही बोलले नाही. त्यांची ‘मार्था डेन’ बुडून आता आठ महिने होत आले. माझा भाचा होता तो. मलाही रडू येतं गं, दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना येतं.

बरं, सिरिलने मंगळवारी दोन डुकरं कापली. एका डुकराची मांडी तुमच्यासाठी खारवून ठेवली आहे, शनिवारच्या बसने पाठवते. नको म्हणू नकोस, घरात चार दिवस चांगलं शिजू दे.

तुझी नणंद,
हिल्डा


केल्सविक,
१० ऑक्टोबर

हिल्डा,

तुझं पत्र मी शेगडीत घातलं. चिमट्याने धरून घातलं आणि वरून मूठभर मीठ टाकलं. पार्सल आलं ते न उघडता पलीकडच्या मिसेस गॉन्टला देऊन टाकलं, त्यांच्या घरचं कोणी समुद्रावर नाही.

अगं, तू बंदरावरच्या घरात जन्मलेली ना? त्या कुरळ्या शेपटीवाल्याचं नाव चक्क शाईने लिहून पाठवतेस, तेही दोन वेळा? खाटकाच्या घरात तीस वर्षं काढलीस म्हणून जिभेला काही हाड? ज्या घरचं माणूस समुद्रावर आहे त्या घरात ते नाव निघत नाही, हे तुला मी सांगायचं? वॉल्टरने वाचलं असतं तर काय झालं असतं, विचार कर.

टेरी बुडाला असं तू लिहितेस. कोणी पाहिलं? फळी सापडली नाही, दोर सापडला नाही. बोटीचा रेडिओ बंद पडला एवढंच सगळ्यांना माहीत आहे.

मालकांनी काही दिलं नाही. म्हणाले, तुम्ही कायमचे नोकर नव्हतातच, प्रत्येक फेरीपुरते कामाला होतात. झालं. मग वॉल्टरचं नाव मासळी बाजारामागच्या नव्या रोजगार कचेरीत घातलं. आत नारिंगी खुर्च्या आहेत, भिंतीवर कार्डं टांगलीत, हवं ते काम उचला म्हणतात. दर मंगळवारी सही करायची की मी कामाला तयार आहे पण काम नाही, मग भत्ता मिळतो. निम्मं बंदर त्या रांगेत असतं. सगळे पाय फाकवून उभे, जसं काही खालची फरशी हलतेय. मी पहिल्या दिवशी सोबत गेले होते, मला हसू आवरेना.

तिथे मिस टॅनर म्हणून एक सल्लागार बाई आहे. शेफील्डकडची, वयाने लहान, वागायला गोड. तिने विचारलं, “मिस्टर थर्केल, तुम्हाला काय काय येतं?” हा म्हणाला, “जाळं सोडता येतं.” “आणखी?” “जाळं ओढता येतं.” तिने दोन्ही लिहून घेतलं बिचारीने.

एक सांगते. आमच्या पॅसेजमध्ये, कोट अडकवायच्या खुंट्या आहेत ना, त्यांच्या खाली सकाळी जमीन ओली असते. पाऊस असो नसो. मी बोट लावून चाटून बघितलं, खारट. टेरी घरी आला की तिथेच उभं राहून गमबूट काढायचा, आठवतं ना तुला? वॉल्टर तिथून जाताना पाय न लावता बाजूने जातो. आम्ही काही बोलत नाही, पण आम्हाला दोघांना कळतं कोण येऊन गेलं ते.

तेव्हा पुन्हा तसं काही लिहू नकोस.

एडना


ऑल्डरबी,
१७ ऑक्टोबर

प्रिय एडना,

चुकले. कान पकडते. मांडी मिसेस गॉन्टच्या पोटात गेली तर गेली. पण मी ते नाव लिहिलं ते टेरी आता समुद्रावर नाही असं मानूनच लिहिलं, कोणाचं वाईट चिंतून नाही.

ओली जमीन म्हणशील तर ते घर तुमच्या लग्नाच्या आधीपासून ओल धरतं. आई नेहमी कुरकुर करायची. भिंतीतून पाणी झिरपत असेल, नाहीतर नळाची जोडणी सुटली असेल. खारट म्हणजे भिंतीला लोणा धरला असेल. कोणातरी नळवाल्याला बोलाव आणि दाखव. हे मी तुझी थट्टा करायला लिहीत नाही. मला काळजी वाटते. रोज सकाळी उठून तू जमीन चाटत बसलीस तर मी काय समजायचं?

वॉल्टरला म्हणावं, पडेल ते काम घे. त्याच्या वयाच्या माणसाला कोणी दोनदा विचारत नाही.

हिल्डा


केल्सविक,
१४ नोव्हेंबर

हिल्डा,

महिनाभर लिहिलं नाही, राग नव्हता. लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं.

नळवाला येऊन गेला. जोडण्या कोरड्या, भिंत कोरडी. म्हणाला, बाई, फडकं नीट पिळून पुसत जा. त्याचे पैसे फुकट गेले.

आता खरी गोष्ट ऐक. मिस टॅनरने वॉल्टरला काम शोधून दिलं. मिठाचं काम, गोदामात उभ्याने करायचं, पगार बरा, बस दारापासून. तिला केवढा आनंद झाला होता! खारवलेल्या माशांचा हा माणूस, मिठात आयुष्य गेलं, याच्यासाठी याहून चांगलं काय असणार, असं तिला वाटलं. ती काय जाणे. कारखाना कुठला, तर स्टेशनमागचा, त्या शेपटीवाल्याचं मांस खारवतात तो.

वॉल्टर म्हणाला, “नको.”

“का नको?”

“नको.”

तिने तीनदा विचारलं म्हणे. पाठ दुखते का, लांब पडतं का, पगार कमी वाटतो का. हा आपला मख्खासारखा उभा. सांगणार तरी काय? कारण सांगायचं तर ते नाव तोंडातून काढावं लागतं आणि तेच तर काढायचं नाही. रांगेतल्या प्रत्येक माणसाला कारण ठाऊक होतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले. बाहेरच्या माणसाला आपण असल्या गोष्टी कधी सांगतो का? शेवटी तिने लिहिलं, ‘योग्य काम कारण न देता नाकारलं.’ सहा आठवडे भत्ता बंद. सात डिसेंबरच्या मंगळवारपर्यंत योग्य कारण दिलं तर पुन्हा चालू होईल, नाहीतर नाही.

घरमालकाचा माणूस दोनदा येऊन गेला. तो दाराशी असताना मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी होते, या वयात. कोळसा अर्धाच घेते.

वॉल्टरचं बरोबरच आहे. पोरगा समुद्रावर असताना बापाने रोज त्या मांसात हात घालून, तो वास अंगावर घेऊन या घरात यायचं? टेरीने यायचं कुठे मग?

सिरिलला काही सांगू नकोस.

एडना


केल्सविक,
२१ नोव्हेंबर

हिल्डा,

तुझं मला वेगळं लिहिलेलं पत्र मिळालं. मूर्ख म्हणालीस ते ठीक. मला लिहायची सवय नाही, तेव्हा थोडक्यात लिहितो.

पोरगा गेला. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या पाण्यात मी जन्म काढला. तिथे फेब्रुवारीत माणूस बोटीवरून पडला तर त्याचं नाव हाकारून होईपर्यंत संपतो. बर्फ बोटीवर चढतं, बोट जड होते, उलटते. रेडिओवर बोलायलाही वेळ मिळत नाही. मी प्रार्थनेला आलो नाही, कारण तिथे एडनाच्या शेजारी बसून मला ‘गेला’ म्हणावं लागलं असतं.

तिचा विश्वास आहे तो येतो म्हणून. रोज पहाटे मी बाहेर गेलो की ती उठून पॅसेजमध्ये पाणी ओतते. मीठ घालून ओतते. मी कधी पाहिलं नाही, पण दुसरं कोण करणार? ओतते आणि मग पुसते. पुसताना पुटपुटते. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्या पाण्यावर ती उभी आहे असं समज. मी त्या कारखान्यात पाय ठेवला तर तिला मी सांगितल्यासारखंच होईल की पोरगा आता कुठेच नाही. ती मोडेल.

त्या टॅनरबाईला मी काय सांगणार? रांगेत सगळे ऐकत असतात. माझ्या बायकोला वेड लागलंय असं सांगू?

कसेतरी दिवस निघतील. उपाशी राहायची आम्हाला सवय आहे.

एडनाला यातलं काही कळता कामा नये. तुला आपल्या आईची शपथ.

वॉल्टर


केल्सविक,
२८ नोव्हेंबर

प्रिय हिल्डा,

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. आजवरची सगळी पत्रं वॉल्टरच टाकायचा आणि पाकीट चिकटवायच्या आधी वाचायचा. मी लिहायचे ते त्याने वाचावं म्हणूनच लिहायचे. आज खरं लिहिते.

हिल्डा, माझा टेरी गेला. कोणी सांगायची गरज नव्हती. आईला कळतं म्हणतात तसं काही झालं नाही गं. मी उगाच एके दिवशी बटाटे सोलत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी दोघांपुरतेच घेतलेत. हात थांबला नाही की काही नाही. तेव्हा कळलं.

पण वॉल्टर वाट बघतो. तुझा भाऊ डोंगरासारखा माणूस, आणि रोज पहाटे गोदीवर जाऊन बादलीभर समुद्राचं पाणी आणून पॅसेजमध्ये ओततो. पाणी टाकताना मी पाहिलं नाही, पण तो अंधारात उठून बाहेर जातो ते मला ऐकू येतं. तासाभराने येतो. मी उठते तर जमीन ओली. नळवाला काही खोटं बोलत नव्हता. तो पाय न लावता बाजूने जातो. मी गुपचूप पुसते. पुसताना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणते, त्या पोरासाठी नाही, या म्हाताऱ्याचं डोकं ताळ्यावर राहावं म्हणून. पहिल्यांदा चाटून बघितलं ते मात्र खरं होतं. तेव्हा क्षणभर मलाही वाटलं होतं.

आता सांग, त्याला मी कशी म्हणू की जा त्या कारखान्यात? गेला, तर पोरावर आपण पाणी सोडलं असं होईल त्याला. त्यापेक्षा अर्ध्या कोळशात राहते.

पण तो वाळत चाललाय. काल कोट घातला तर कोटात दुसराच कोणी असल्यासारखा दिसला. आपल्या ताटातलं माझ्या ताटात सरकवतो आणि म्हणतो, आज भूक नाही. मी नको म्हटलं तर चिडतो. सात तारीख जवळ येतेय.

याला काही लिहू नकोस. मनातलं कुठेतरी टाकायचं म्हणून तुला लिहिलं.

तुझी,
एडना


ऑल्डरबी,
२ डिसेंबर

प्रिय एडना,

तुझं पत्र घेऊन मी दिवसभर दुकानात उभी राहिले. सिरिलने दोनदा विचारलं, बरं नाही का. शेवटी मी मागे शीतगृहात जाऊन बसले, तिथे कोणी येत नाही.

मला माझ्या मेलेल्या आईची शपथ घातली आहे. ती मी आज मोडते. आई असती तर तिने मला आधीच मोडायला लावली असती.

वॉल्टरने मला दहा दिवसांपूर्वी पत्र लिहिलं. त्याला माहीत आहे, एडना. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो कोणाची वाट बघत नाही. काम नाकारलं ते टेरीसाठी नाही, तुझ्यासाठी नाकारलं. त्याला वाटतं तू वाट बघतेस, आणि तो तिथे गेला तर तू मोडशील. तू त्याच्यासाठी उपाशी, तो तुझ्यासाठी उपाशी. दोन शहाणी माणसं एका घरात राहून हे करतात, आणि मी इथे मधे बसून दोघांची पत्रं उशाखाली ठेवते. मला हसावं की रडावं कळेना. मी रडले.

पण दुसरीही गोष्ट आहे.

पाणी तू ओततेस असं वॉल्टर म्हणतो. मीठ घालून ओततेस म्हणतो. तू म्हणतेस तो गोदीवरून आणतो. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. तुमच्यापैकी कोणीच पाणी ओतलेलं नाही आणि कोणीच ओतताना पाहिलेलं नाही. वॉल्टर पहाटे जातो तो कशाला जात असेल ते मला ठाऊक नाही. लहानपणीही त्याला झोप लागली नाही की तो बोटी बघायला जायचा.

म्हणजे तू नाही आणि तो नाही. एडना, मग तिथे पाणी कोण आणतं?

पत्र वाचून झालं की त्याच्याशी बोल. त्याच दिवशी बोल.

हिल्डा


केल्सविक,
१२ डिसेंबर

हिल्डा,

तुझं पत्र वाचून आधी तुला चार शिव्या हासडल्या, मग पत्राची घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं. बोल म्हणतेस. चार दिवस प्रयत्न केला. चहा ओतला, समोर बसले, म्हटलं, “वॉल्टर.” तो म्हणाला, “काय?” मी म्हटलं, “साखर कमी आहे.” त्या घरात ती गोष्ट बोलायची छातीच होत नव्हती. पॅसेजचं दार उघडं होतं आणि मला सारखं वाटत होतं कोणीतरी ऐकतंय. तुझ्या त्या शेवटच्या ओळीनंतर तर मी तिकडे पाठ करून बसत नव्हते. सकाळचं पुसणं चालूच होतं. आठ महिने नवऱ्याची सांडलवंड म्हणून पुसलं होतं ते, नुसतं फडकं फिरवून. आता गुडघे टेकून पुसत होते.

मंगळवारी सात तारीख. वॉल्टर सहीला गेला. भत्ता बंद असला तरी सही करावीच लागते. तो गेल्यावर मी कोट घातला आणि मागोमाग गेले. डोक्यात एवढंच होतं की याला तोंड उघडता येत नाही, तर मी उघडते. कारण खरं आहे ना, मग सांगते. पोरगा तर गेलाच आहे, एका नावाने त्याचं आता काय बिघडणार? रस्त्यात हे सगळं अगदी सोपं वाटत होतं.

रांग दारापर्यंत होती. वॉल्टर मधे कुठेतरी. त्याने मला पाहिलं आणि भुवया चढवल्या. मी रांग सोडून थेट मिस टॅनरच्या टेबलाशी गेले. कोणी अडवलं नाही.

ती म्हणाली, “मिसेस थर्केल ना? बसा ना.”

मी उभीच राहिले. म्हटलं, “माझ्या नवऱ्याने काम नाकारलं त्याचं कारण द्यायला आलेय. आज शेवटचा दिवस आहे ना?”

“हो, हो, सांगा.” तिने लगेच पेन काढलं. तिला मनापासून हवं होतं गं कारण. मला तिचा चेहरा बघून कळलं.

मग त्या नावापाशी अडले. एवढी बाई मी, बोलायला कधी कमी पडले का? पण चव्वेचाळीस वर्षं तोंडाने एकदाही ते नाव घेतलं नव्हतं. बाबा समुद्रावर, भाऊ समुद्रावर, मग नवरा, मग पोरगा. सुट्टी कधी मिळालीच नाही ना. मी डोळे मिटले आणि म्हटलं, “तो डुकराचा कारखाना आहे. आमच्यात घरचं माणूस समुद्रावर असलं की डुकराचं नाव घेत नाहीत, डुकराला हात लावत नाहीत. म्हणून.”

हिल्डा, सगळ्या कचेरीने ऐकलं. मग मागे खुडबुड झाली. वळून बघते तर रांगेतला एकेक माणूस, ते नाव ऐकल्याचा अपशकुन लोखंडाला हात लावून काढायचा म्हणून, लोखंड शोधत होता. कोणी पाण्याच्या पाइपला हात लावला, कोणी खुर्चीच्या पायाला, म्हाताऱ्या अल्बर्ट क्लेगने बुटाच्या टाचेतल्या खिळ्यांना. एवढे थोराड बाप्ये, आणि सगळे वाकलेले. वॉल्टर तेवढा सरळ उभा होता. माझ्याकडे बघत होता.

मिस टॅनरला काही कळलं नाही आणि तरी सगळं कळलं. ती आवाज खाली आणून म्हणाली, “असं होय. मिस्टर थर्केलनी हे सांगायला हवं होतं. घरची पूर्वापार रीत म्हणून मला हे कारण मांडता येईल. नक्की येईल.” तिने लिहायला सुरुवात केली. मग थांबली. “घरचं कोण समुद्रावर असतं?”

“मुलगा. टेरी.”

“आणि तो सध्या समुद्रावरच आहे?”

तिने काही वाईट हेतूने विचारलं नाही. कागदात रकाना होता, तो तिला भरायचा होता.

‘हो’ म्हणायचं होतं, एवढंच. अल्बर्ट क्लेग मागून कुजबुजला, “हो म्हण, एडना.” आणखी एकजण म्हणाला, “आहे म्हण की.” एरवी या लोकांनी शेजारचा बुडत असतानाही तोंड उघडलं नसतं. माझ्या ओठांवर आलंही होतं. भत्ता, कोळसा, भाडं, सगळं त्या एका शब्दात होतं. पण वॉल्टर माझ्याकडे बघत होता, आणि मला दिसलं की तो मी ‘हो’ म्हणेन याचीच वाट बघतोय, आणि मी ‘हो’ म्हटलं की आजपासून मरेपर्यंत तो माझ्यासाठी आपल्या ताटातलं माझ्या ताटात सरकवत राहणार.

मी म्हटलं, “नाही. तो फेब्रुवारीत बुडाला. आमचा टेरी मेला.”

ते मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

मिस टॅनरने पेन खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले. मग म्हणाली, “मिसेस थर्केल, मग मला हे कारण लावता येणार नाही. मला फार वाईट वाटतं हो. समुद्रावर कोणी असतं तर…”

मी म्हटलं, “माहीत आहे, बाई. तू तुझं काम कर.”

तिने सांगितलं, कारखान्यातली जागा सोमवारपर्यंत मोकळी आहे. तिने ती कोणाला दिली नव्हती, धरून ठेवली होती. तिथे नाव सांगायचं, मग बाकी ती बघेल.

वॉल्टरने रांग सोडली आणि माझा हात धरला. रस्त्यात कोणी कोणाचा हात धरत नाही आमच्यात, तुला माहीतच आहे. आम्ही मासळी बाजाराच्या कडेने चालत होतो. तो म्हणाला, “मला वाटायचं तू ओततेस.”

मी म्हटलं, “मला वाटायचं तू.”

तो थांबला. पुन्हा चालायला लागला. मग म्हणाला, “त्याला ऐकू गेलं असेल का गं? तू जे बोललीस ते?”

मी म्हटलं, “गेलं असेल तर बरंच झालं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, वॉल्टर. त्याला बिचाऱ्याला काय कळणार? आपण दोघं त्याची जागा सोडून चालत होतो, दार लोटून ठेवत होतो, त्याला वाटलं असेल, मी अजून या घरचाच आहे.”

तेव्हा तुझा भाऊ रडला. भर रस्त्यात, बर्फाच्या गोदामाच्या भिंतीला डोकं टेकून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. येणारे जाणारे टोपी काढून जात होते. प्रार्थनेला गेलो नव्हतो ना आम्ही, ती तिथे झाली असं समज.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेज कोरडा होता. गुरुवारी कोरडा, शुक्रवारीही. मी फडकं घेऊन गेले आणि तशीच परत आले. हिल्डा, मला वाटलं होतं हायसं वाटेल. नाही वाटलं. मी त्या कोरड्या फळ्यांवर बसून ऊर फुटेपर्यंत रडले. माझ्या पोराला मी माझ्या तोंडाने घराबाहेर काढलं, त्या नारिंगी खुर्चीसमोर उभं राहून. ते बरोबर होतं हे मला कळतं. पण आता तो कुठे उभा असेल? गमबूट कुठे काढत असेल?

आज रविवार. दुपारी जेवण झाल्यावर वॉल्टर पॅसेजमध्ये गेला. इतके महिने बाजूने जायचा तो आज त्या खुंट्यांखाली मधोमध जाऊन उभा राहिला. मी भांडी थांबवली. वाटलं, आता काय बोलतो कोण जाणे.

तिथूनच त्याने विचारलं, “उद्या कारखान्यात किती वाजता हजर व्हायचं म्हणाली ती?”

मी म्हटलं, “सातला.”

“मग सहाला उठव,” तो म्हणाला.

तुझी,
एडना